बेलफास्टची ओटी

माझ्या वडिलांना बेलफास्ट शहराची खडान्‌खडा माहिती आहे. फक्त ती माहिती माझ्या जन्माच्या आधीची आहे.

नागपूरच्या एका कापडगिरणीनं बाबांना ऐन पंचविशीत तिकडे पाठवलं होतं, सूतकताईची नवी यंत्रं शिकायला. त्या काळात बेलफास्टमध्ये बॉम्ब, जाळपोळ, नाक्यानाक्यावर सैनिक आणि कॅथलिक-प्रोटेस्टंट भांडणात एका शहराचे दोन तुकडे असं सगळं जोरात चालू होतं. (गिरणीच्या मालकांनी बाबांना यातलं काही सांगितलं नव्हतं. 'थंडी असते, स्वेटर न्या' एवढंच सांगितलं होतं.) बाबा तिथं वर्षभर मिसेस ग्रीअर नावाच्या बाईंकडे पेइंग गेस्ट म्हणून राहिले. बाई विधवा, पदरात दहा वर्षांची मुलगी, जीन. निघायच्या दिवशी बाईंनी बजावलं होतं, "बोट संध्याकाळची आहे, जेवल्याशिवाय जायचं नाही." बाबा सामान बंदरावर टाकून परत आले, तर गल्लीच्या तोंडाशी सैनिकांनी अडथळे लावलेले. कुणीतरी बेवारस गाडी सोडून गेलं होतं, आत बॉम्ब असायचा संशय. बाबा तिथं ताटकळले, ताटकळले, आणि शेवटी बोट चुकेल म्हणून पळत सुटले. नंतर घातलेल्या पत्रांना उत्तर आलं नाही.

ही गोष्ट मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती, की बाबांनी 'बे' म्हटलं की आम्ही भावंडं 'लफास्ट' म्हणून उठून जायचो.

तर २०२० च्या फेब्रुवारीत आई-बाबा आमच्याकडे डब्लिनला, ओंगारच्या घरी, तीन महिन्यांसाठी आले. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. तीन महिन्यांचं लोणचं दीड वर्ष पुरवताना आईनं फोडी मोजून वाढायला सुरुवात केली. अखेर २०२१ च्या उन्हाळ्यात दोघांचे लसीचे डोस झाले, परतीची तिकिटं हातात आली, आणि निघायला आठवडा राहिला असताना बाबा नाश्त्याला बसून म्हणाले, "एकदा बेलफास्टला जाऊन येऊ. त्या बाईला सांगायचं राहिलं ना. जेवायला यायचं राहिलं."

दीड वर्षात या माणसानं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. चहासुद्धा 'तुमचा होत असेल तर' म्हणून प्यायचे.

"बाबा, त्या आता असतील का?" मी जपून विचारलं.

"नसतीलही. पण दार तर असेल ना? दाराशी उभा राहून सांगतो."

मी ताबडतोब सूत्रं हातात घेतली. मी ग्रँड कॅनाल डॉकला एका कंपनीत सॉफ्टवेअरची मोठमोठी प्रोजेक्टं वेळेवर पार पाडतो. (असं माझ्या लिंक्डइनवर लिहिलेलं आहे.) एक रस्ता आणि एक घर शोधणं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ! ताई लेस्टरला असल्यामुळे दोघांकडे ब्रिटनचा व्हिसा होताच. बायको मुग्धा ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात डॉक्टर. तिला सुट्टी मिळणं शक्य नव्हतं. तिनं निघताना एवढंच सांगितलं, "बाबांचं ऐक."

मी ऐकलं नाही. ते येईलच पुढे.

आईनं आपली तयारी वेगळीच केली होती. पिशवीत नारळ, तांदूळ, खणाचं कापड, हळदीकुंकवाचा करंडा. "बाईमाणसाच्या घरी रिकाम्या हातानं जाऊन राहिलो का आपण? आई नसली तर पोरीची ओटी भरीन."

"आई, नारळ? बेलफास्टमध्ये?"

"काऊन? तिथं बाया नाहीत?"

गाडी निघाली. सरहद्द जवळ आली तसे बाबा दोन्ही पासपोर्ट छातीशी धरून ताठ बसले. "आता बंकर येईल. काच खाली घे. हात स्टीअरिंगवर दिसले पाहिजेत. आणि हसू नको, त्यांना आवडत नाही."

"बाबा, सरहद्द मागेच गेली."

"कधी?"

"किलोमीटरचे मैल झाले ना पाटीवर, तेव्हा."

बाबा मागे वळून बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले. मग पासपोर्ट खिशात ठेवत म्हणाले, "बरं झालं."

बेलफास्टमध्ये पोचल्यावर आधी शहर बघायचं ठरलं, आणि तिथूनच गडबडीला सुरुवात झाली. एका मोठ्या दुकानाच्या दारात मास्क लावलेला गार्ड उभा होता. बाबांच्या काळी शहराच्या मध्यभागी कुठल्याही दुकानात शिरायचं तर झडती द्यावी लागे. बाबांनी सवयीनं आईच्या हातातली पिशवी घेतली, तिचं तोंड उघडून गार्डच्या पुढ्यात धरली, मग जमिनीवर ठेवली, आणि दोन्ही हात पसरून डोळे मिटून उभे राहिले.

"आजोबा, यू कांट बी डुइंग दॅट!" माझी नऊ वर्षांची मुलगी ईरा कळवळली. (तिला मराठी सगळं समजतं. बोलते मात्र डब्लिनची इंग्रजी.)

गार्ड बिचारा गोंधळला. त्याच्या हातात ताप मोजायचं ते पिस्तुलासारखं यंत्र होतं. समोर माणूस हात पसरून उभा म्हटल्यावर त्यानं आपलं काम केलं: यंत्र बाबांच्या कपाळावर रोखलं. बाबांनी डोळे उघडले.

"अरे बाप्पा!" ते मला पुटपुटले, "आमच्या वेळी निदान जमिनीकडे धरायचे!"

गार्डनं पिशवीत डोकावलं. शेंडीवाला नारळ त्याच्याकडे बघत होता. "हे काय?"

"फॉर ओटी," आईनं ठणकावून सांगितलं.

गार्डनं मान डोलावली. त्या वर्षी रोज नवे नियम निघत होते, त्यात हाही असेल असं त्याला वाटलं असावं. कारण आमच्या मागच्या दोन बायकांनीही मुकाट्यानं आपापल्या पर्सेस उघडल्या! त्यांच्या मागे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी सावकाश कोटाची बटणं काढली, बाबांसारखेच हात पसरले, आणि डोळा मारला. दोघं म्हातारे दुकानाच्या दारात खो खो हसत सुटले. आम्ही बाकीचे मूर्खासारखे बघत राहिलो.

यानंतर मी जाहीर केलं, की आता घर शोधायचं. रस्त्याचं नाव बाबांना पाठ, नंबर एकाहत्तर. (नाव इथं देत नाही, तिथं अजून माणसं राहतात.) मी फोनमध्ये घातलं, फोननं बोट दाखवलं, आणि आम्ही एका नीटनेटक्या विटांच्या गल्लीत शिरलो. गल्लीच्या शेवटी उंचच उंच भिंत होती, वर पत्रा, पत्र्यावर जाळी.

"डॅडी, व्हॉट्स दॅट?"

"गिरणीची मागची भिंत," मी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं.

"इतकी उंच?" आई.

"गिरण्यांच्या उंचच असतात."

बाबा गाडीतून उतरून इकडे तिकडे बघत होते. "पण घरं अशी नव्हती रे. आणि गिरणीची चिमणी दारातून डाव्या हाताला दिसायची. चिमणीच नाही."

"बाबा, घरं नवी बांधलीत. चिमणी पाडली असेल. नंबर तोच आहे ना? मग!"

"मी सांगून राहिलो ना तुला..."

मी तोवर बेल दाबली होती.

दार उघडलं ते सत्तरीच्या एका गुटगुटीत बाईंनी. मास्क लावलेला, वर निळे डोळे, अंगात विणलेलं कार्डिगन. आईनं लगेच माझा दंड दाबला. "हीच ती! डोळे पाह्य ना तिचे!" (आईनं जीनला उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं. शिवाय जीन पन्नाशीची असायला हवी होती, पण मास्कमुळे त्या वर्षी सगळं जग एकाच वयाचं दिसे.)

मी सांगितलं, की हे माझे वडील, पूर्वी इथं राहायचे, भारतातून भेटायला आलेत. बाईंनी आमच्या वरातीकडे पाहिलं. "अरे देवा, एवढ्या लांबून! या, या." त्यांनी अंगणात खुर्च्या मांडल्या, चहा आणला, बिस्किटं आणली. नाव सांगितलं ब्रिजेट. बाबा जरा चमकले, पण मी कानात सांगितलं, "लग्नानंतर बदललं असेल." (परदेशात लग्नानंतर पहिलं नाव बदलतात, हा शोध मी तिथल्या तिथं लावला.)

आई उठली. ब्रिजेटबाईंना हळदीकुंकू लावलं. त्यांना कार्डिगनचा ओचा धरायला लावला, आणि ओंजळीनं तांदूळ, मग खण, मग नारळ, असं सगळं त्यात घातलं. ब्रिजेटबाई श्वास रोखून उभ्या होत्या.

"फार सुंदर आहे हो. पण याचं मी करू काय?"

"तांदळाचं गोड कर म्हणावं, आणि तिनंच खायचं," आई मला म्हणाली. "आणि नारळ असाच खाली नको टाकू म्हणावं."

मी सांगितलं. "राइस पुडिंग!" ब्रिजेटबाई खुलल्या. "ते तर येतंच मला."

आता बाबा उभे राहिले. त्यांनी खाकरून घसा साफ केला. इतकी वर्षं मनात घोळवलेलं इंग्रजी भाषण होतं ते. "माय डिअर मॅडम, तुमच्या आई, मिसेस ग्रीअर..."

"ग्रीअर?" ब्रिजेटबाईंचा कप हवेतच थांबला. "अहो, या बाजूला कधीच कुणी ग्रीअर नव्हते."

"या बाजूला म्हणजे?" मी विचारलं.

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "रस्त्याचा अर्धा भाग त्या पलीकडे आहे ना. मधे भिंत घातली त्याला किती वर्षं झाली. ही घरं नंतरची, नंबर नव्यानं टाकलेत. तुमचं एकाहत्तर तिकडचं."

माझ्या फोनच्या मते तिथं भिंत नव्हतीच. निळी रेघ आरामात आरपार गेली होती.

"डॅडी," ईरा म्हणाली, "यू सेड इट वॉज अ फॅक्टरी."

"पण मग तुम्ही आम्हाला बसवलंत कशाला?" मी रडवेला होऊन ब्रिजेटबाईंना विचारलं.

त्यांनी मांडीवरचा नारळ सावरला. "लॉकडाऊन लागल्यापासून पार्सलवाल्याशिवाय माझ्या दारात कुणी उभं राहिलं नाही. तुम्ही आलात, बसलात. चुकून आलात का, हे विचारायची मला काही घाई नव्हती."

मी भाषांतर न करताच आईनं त्यांचा हात हातात घेतला. दोन मीटरचं अंतर वगैरे सगळं गेलं उडत.

बाबा मात्र खाली बसले होते. "राहू दे," ते म्हणाले. "नसेल नशिबात. दुसऱ्यांदा रस्ता बंद." ते ज्या सुरात बोलले तो सूर मी ओळखतो. गिरणी बंद पडली तेव्हा त्याच सुरात ते घरी येऊन 'झालं' म्हणाले होते. मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

ब्रिजेटबाईंना मराठी येत नव्हतं, पण ते वाक्य त्यांना समजलं असावं. त्या उठल्या. "पुढच्या कोपऱ्यावर भिंतीत फाटक आहे. संध्याकाळी बंद होतं, पण अजून थोडा वेळ आहे. चला."

"तुम्ही येणार?"

"तुमच्या भरवशावर सोडलं तर हे आजोबा आज ग्लासगोला पोचतील," त्या मला म्हणाल्या.

तेवढ्यात आईनं नवा घोळ काढला. "अरे, ओटी तर हिला दिली! आता त्या पोरीकडे रिकाम्या हातानं जाऊ?"

"आई, वेळ नाहीये! तीच घे ना परत!"

"दिलेली ओटी परत मागून राहिला का तू? बाप्पा!"

हेही ब्रिजेटबाईंना भाषांतर करून सांगावं लागलं. त्या आत गेल्या आणि सकाळी भाजलेला पावाचा मोठा गोल कागदात गुंडाळून आईच्या हातात ठेवला. स्वतः मात्र ओटी घेऊनच निघाल्या, कारण नारळ खाली ठेवायचा नाही असं त्यांना सांगण्यात आलं होतं!

तर मोर्चा असा: पुढे कपाळावर ठसठशीत कुंकू ल्यालेल्या, कार्डिगनच्या ओच्यात नारळ-तांदूळ सांभाळत चाललेल्या ब्रिजेटबाई, मागे पाव छातीशी धरलेली आई, मग बाबा, ईरा, आणि शेवटी प्रोजेक्ट मॅनेजर. फाटकापाशी ब्रिजेटबाई किंचित थबकल्या. बसनं त्या जायच्या म्हणे कधीमधी, पण पायी गेल्याला किती वर्षं झाली ते त्यांनाही आठवेना. बाबाही थबकले. त्यांनी हातातली रिकामी पिशवी उघडली, हात पसरले. तिथं कुणीच नव्हतं. ब्रिजेटबाईंनी त्यांचा एक पसरलेला हात खाली घेतला, आपल्या काखेत घातला, आणि दोघं फाटकातून पलीकडे गेले.

पलीकडे रस्ता तोच, पण जुनं एकाहत्तर नव्हतंच. तिथं गवत होतं आणि एक बाक. बाबा कडेला, गवताकडे पाठ करून उभे राहिले, सावकाश डावीकडे मान वळवली. छपरांच्या वर विटांची चिमणी.

"इथं दार होतं," ते म्हणाले.

समोर एक माणूस गाडी धूत होता. ब्रिजेटबाई तडक त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि ग्रीअरांबद्दल विचारलं. त्यानं आधी कुंकवाकडे पाहिलं, मग नारळाकडे, आणि कुठलाही प्रश्न न विचारता सांगितलं, "ग्रीअरची जीन? वळल्यावर दुसरं दार."

त्या दारात पन्नाशीची, पिकल्या तांबूस केसांची बाई आली. बाबा चार पावलं मागे सरकले आणि त्यांनी मास्क काढला. भाषण बहुतेक भिंतीपलीकडेच राहिलं होतं. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं तोंडावर हात ठेवला.

"तुम्ही," ती म्हणाली, "बटाटे खायचात आणि सॉसेज माझ्या ताटात टाकायचात!"

आम्ही सगळे बाबांकडे बघायला लागलो. ही गोष्ट त्यांनी आम्हाला कधीच सांगितली नव्हती. शाकाहारी आहे असं सांगून बाईंचं मन मोडायला नको, म्हणून वर्षभर रोज टेबलाखालून हा उद्योग चालला होता!

जीननं सांगितलं, तिची आई जाऊन बरीच वर्षं झाली. "त्या रात्री रस्ता उघडेपर्यंत तुमचं ताट तिनं शेगडीवर झाकून ठेवलं होतं. म्हणायची, पोरगा उपाशी बोटीवर गेला. नंतर आम्ही ते घर सोडलं, पण ती म्हणतच राहिली."

"मग ते ताट कुणी खाल्लं?" आईनं माझ्यामार्फत विचारलं. तिला अन्न वाया गेलेलं सोसत नाही.

"मीच," जीन म्हणाली. रडता रडता ती हसायला लागली.

ती आतून मिसेस ग्रीअरचा फोटो घेऊन आली. आईनं मला ढोसलं, "व्हिडिओ काढ. नागपूरला सगळ्यांना दाखवायचा आहे." मी फोन वर धरला. बाबांनी चपला काढल्या. जीननं दारात धरलेल्या फोटोपुढे ते वाकले, त्यांना जमेल तितके, आणि इंग्रजी पार विसरून म्हणाले, "बाई, जेवायला यायचं राहून गेलं. रागावू नका. येतो आता."

आपल्याकडे 'येतो' एवढंच म्हणून निघायची पद्धत आहे. पण या माणसाला ते बोलायला उभं आयुष्य थांबावं लागलं होतं.

मागे फाटक बंद झालं, त्याचा आवाज आम्हाला इथवर आला. आमची गाडी पलीकडे, ब्रिजेटबाईंचं घरही पलीकडे. पण आता कुणालाच घाई नव्हती. जीननं ब्रिजेटबाईंचा पाव कापला, लोणी लावलं, आणि बाबांना जेवायला बसवलं. दोघी बायका आपापल्या आयांच्या गिरणीतल्या गोष्टी सांगत बसल्या. अंधार पडल्यावर जीन आम्हाला तिच्या गाडीतून दोन खेपांत लांबून फिरवून पलीकडे सोडून आली. ब्रिजेटबाईंनी पुढच्या रविवारी तिला राइस पुडिंगला बोलावलं.

घरी मुग्धा वाट बघत होती. आईनं बसायच्या आत फर्मावलं, "तो व्हिडिओ लाव टीव्हीवर."

मी लावला. मोठ्या पडद्यावर माझे बूट आले. तपकिरी, डाव्याची लेस सुटलेली. तेच बूट, फुटपाथ, पुन्हा बूट. लांबून कुठूनतरी बाबांचा बारीक आवाज, आणि त्याच्यावर मात करत, फोनच्या अगदी जवळ, कुणीतरी नाक ओढत हमसून हमसून रडत होतं.

"हे कोण रडून राहिलं एवढं?" आईनं विचारलं.

मी कप गोळा करायला लागलो. ईरानं तोंड उघडलं, पण मुग्धानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

आई तो व्हिडिओ अजून नागपूरला येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते आणि सांगते, "जीन आहे ती. लय हळवी पोरगी." मी ते कधी दुरुस्त केलं नाही. नागपूरला जाताना फक्त ते तपकिरी बूट तेवढे घालत नाही.